आधी दार वाजवायचं

हेडफोनमध्ये कुणीतरी दार वाजवलं आणि मी वळून मागे पाहिलं. मागे दार होतं, पण ते सताड उघडं, आणि दारात पायपुसण्याशिवाय कुणी नव्हतं. नखानं दोनदा टकटक, जरा थांबून तळव्याची एक थाप, आणि मग बाईचा आवाज, घसा साफ न करताच बोलल्यासारखा: "आले गं बायांनो, आले. मीच आहे." मी फुटेज थांबवलं. पडद्यावर एक पत्र्याचं दार अर्धवट उघडून तसंच राहिलं होतं आणि फटीतून आतला पिवळा उजेड दिसत होता. माझी एडिटिंगची खोली म्हणजे पूर्वीची न्हाणी. भिंतींना अजून पांढऱ्या फरशा आहेत, गुडघ्याशी एक नळ आहे, त्याला बूच मारलंय, तरी त्याला वाटेल तेव्हा तो ठिबकतो. आवाज कुणाचा हे मला पहिल्या टकटकीलाच कळलं होतं, त्यासाठी पुढचं बोलणं ऐकायची गरज नव्हती. दार असं वाजवणारी एकच बाई मला माहीत होती, आणि तिनं ते काम सोडून जमाना झाला होता. निदान मला तिनं तसं सांगितलं होतं.

ती माझी मावशी. आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की आईचा चेहरा मला फोटोतला आठवतो आणि मावशीचा खरा. मावशी अंड्यांच्या शेडवर कामाला होती आणि शेडच्या मागेच तिची एक खोली होती, तिथं मी वाढले. शेड म्हणजे लांबलचक पत्र्याची इमारत, आत पिंजऱ्यांवर पिंजरे, आणि पिंजऱ्यात कोंबड्या अशा कोंबलेल्या की एकीला पंख पसरायचा असेल तर बाकीच्यांनी अंग चोरायचं. पायाखाली जमीन नाही, तार. तीही उतरती, म्हणजे घातलेलं अंडं घरंगळत बाहेरच्या पन्हाळीत येतं आणि घालणारीला ते नीट बघताही येत नाही. जन्मात कधी चार पावलं न चाललेला जीव कशालाही घाबरतो. दार एकदम उघडलं, हातातली बादली पडली, कुणी मोठ्यानं शिंकलं, की अख्खी शेड एकाच वेळी उसळते आणि तारेवर आदळते. हाडं तर त्यांची नावालाच असतात, सगळा चुना कवचात गेलेला. पंख मोडतो, पाय मोडतो, आणि मोडलेला पाय घेऊन ती तिथंच उभी राहते, कारण बसायला जागा नसते. म्हणून आत शिरण्याआधी दार वाजवायचं आणि बोलायचं, ही त्या कामाची रीत. वाजवलं की आत क्षणभर सामसूम होते, मग हळूहळू कुजबुज सुरू होते, मग आत जायचं. मावशीच्या हाताला ती सवय अशी जडली की ती आमच्या खोलीचं दारही वाजवायची, आत कुणी नसताना. कपाटाचं वाजवायची. एकदा शाळेत मोठ्या बाईंनी तिला बोलावलं होतं तेव्हा तिनं त्यांचं उघडं दार वाजवलं, बाई समोरून तिच्याकडे बघत असताना, दोनदा नखानं आणि एकदा तळव्यानं, आणि मग म्हणाली, "मीच आहे." बाईंच्या कपाळाला आठी पडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्गात तोवर माझं नाव कुडकुड पडलेलंच होतं, माझ्या दप्तराला शेडचा वास यायचा म्हणून. त्या दिवसापासून मुलं माझ्या बाकावर आधी टकटक करायची आणि मग माझ्याशी बोलायची.

या सगळ्याचा मी पुढे सूड उगवला असं कुणाला वाटेल. तसं नाही. कोंबड्यांना पिंजऱ्यातून सोडवणाऱ्या लोकांत मी आले ती आपखुशीनं, आणि आले तेव्हा मावशीला भलताच आनंद झाला होता. "सोडव बाई सोडव," म्हणाली होती, "मला नाही जमलं ते." नंतर काही दिवसांनी तिनं सांगितलं की गुडघे बोलायला लागलेत, शेडचं काम सोडलं, आता रोपवाटिकेत पिशव्या भरायला जाते. मी सुटकेचा निःश्वास टाकला होता. रोपवाटिका हा शब्दच मला इतका आवडला की मी कधी खोदून विचारलं नाही.

मी फुटेज पुढे सोडलं. हे फुटेज ज्यानं आणलं त्याला आम्ही बटण म्हणतो. चाळिशीचा, टकल्या, तोंडावरची माशी न उडणारा माणूस. शर्टाच्या बटणात कॅमेरा लावून तो कुठल्या कुठल्या शेडवर मजूर म्हणून राहून येतो आणि आल्यावर आठवडाभर कुणाशी बोलत नाही. या खेपेला त्याचं नशीब खोटं होतं. कामाचा डगला घालायला लावल्यामुळे बटण सारखं झाकलं जात होतं, तासन्‌तास नुसता अंधार आणि कलकलाट. सगळ्यात मिळून स्वच्छ तुकडा एवढाच: दार वाजतं, उघडतं, मावशी आत जाते. पाठमोरी, डोक्याला फडकं, चालताना उजवीकडे झुकते. गुडघे खरोखरच बोलत असणार, तेवढं तिनं खोटं सांगितलं नव्हतं. एका पिंजऱ्यापाशी थांबते. आत एकीची नखं वाढून तारेला वेढा घालून बसलीत, तिला हलता येत नाही, आणि बाकीच्या तिच्या अंगावर उभ्या आहेत, त्यांना तरी दुसरी जागा कुठाय. मावशी नखं सोडवते. घाई नाही, ओढाताण नाही. बाहेर काढते, उलटीपालटी करून बघते आणि तोंडानं च्‌ च्‌ करते. तेव्हा कॅमेरा अगदी जवळ येतो आणि पडद्यावर फक्त तिचे हात राहतात. डाव्या हाताच्या अंगठ्याशी इस्त्रीचा जुना डाग. तो तळवा ती कोंबडीच्या डोळ्यांवर धरते आणि म्हणते, "दिसतंय का काही? नाही ना? मग काहीच नाहीये." कोंबडीची फडफड थांबते. मग उजवा हात मानेशी जातो आणि एकच हिसका.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला तरी ते ऐकू येत राहिलं. कारण ते वाक्य माझं होतं. आमच्या एका खोलीत एकच दिवा होता, आणि संध्याकाळी मावशीला शिवण असायची, म्हणून दिवा घालवता यायचा नाही. मी उजेडात झोपायची नाही. भिंतीवर कपड्यांच्या सावल्या पडायच्या, त्यांना मी भ्यायची, आई कुठंय म्हणून विचारायची. तेव्हा मावशी सुई पदराला टोचून माझ्याशी येऊन बसायची आणि डावा तळवा माझ्या डोळ्यांवर ठेवायची. त्याला चुन्याचा आणि दाण्याचा वास यायचा. "दिसतंय का काही?" मी नाही म्हणायची. "नाही ना? मग काहीच नाहीये." आणि खरंच काही नसायचं. आई गेल्याचंसुद्धा नसायचं. आयुष्यात मला मिळालेली सगळ्यात मऊ गोष्ट कुठली असं कुणी विचारलं असतं तर मी तो हात सांगितला असता, आणि आता न्हाणीत बसून मला एकच प्रश्न पडला होता, की तो हात तिनं आधी कुणावर ठेवला होता? माझ्याकडून तो त्यांच्याकडे गेला, की त्यांच्याकडून माझ्याकडे आला? त्यानं काय फरक पडत होता कोण जाणे, पण मला रडू आलं ते त्या प्रश्नानं.

आमच्या प्रमुख बाईंना आम्ही पाठीमागे आत्ताबाई म्हणतो, कारण त्यांना सगळं आत्ताच्या आत्ता हवं असतं. त्या आल्या, माझ्या मागे उभं राहून तो तुकडा पाहिला. मग म्हणाल्या, "हा हात ठेव. दार वाजवण्यापासून सगळं ठेव, एक अक्षर कापू नकोस. फिल्मचा जीव त्या हातात आहे."

"लोक गोंधळतील," मी म्हणाले. "बाई प्रेमळ आहे की क्रूर, त्यांना कळणार नाही."

"नाहीच कळायला पाहिजे. एवढी माया असलेल्या बाईवर ही वेळ आणली कुणी, हेच तर विचारायचंय."

बटण दारात उभा होता. तो आपणहून बोलला म्हणजे नवलच. "त्या बाईनं मला दार वाजवायला शिकवलं," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी मी तसाच घुसलो. केवढ्यानं ओरडली माझ्यावर."

"शुक्रवारी बैठक आहे," आत्ताबाई म्हणाल्या. पाव-बिस्किटांच्या मोठ्या कंपनीची बैठक. त्यांनी पिंजऱ्यातली अंडी घेणं बंद केलं तर शेडमागून शेड रिकामी करावी लागणार होती. यासाठी आम्ही किती वर्षं त्यांच्या दारापाशी फलक घेऊन उभे राहत होतो, किती पत्रकं लोकांनी आमच्या डोळ्यांदेखत चुरगाळून टाकली होती. "चेहरा दिसत नाहीच, डाग पुसून टाक म्हणजे झालं. कोण ओळखतंय?"

मी ओळखलं, असं मी म्हणाले नाही. शेडवर सगळेच ओळखतील, असंही म्हणाले नाही. चेहऱ्याचं काय घेऊन बसलात, तिला लोक टकटकीवरून ओळखतात, बायांनोवरून ओळखतात, डोळ्यांवरच्या हातावरून ओळखतात. पण ही माझी मावशी, एवढे तीन शब्द माझ्या तोंडातून निघाले असते तर आत्ताबाई आत्ताच्या आत्ता कॅमेरा घेऊन तिच्या खोलीवर गेल्या असत्या. आणि तो तुकडाच वगळावा तर फिल्ममध्ये उरत होता नुसता अंधार. मी बरं म्हणाले आणि तोंडावर पाणी मारायला नळाशी वाकले, तेव्हा आठवलं की त्याला बूच आहे.

रविवारी दुपारी मी मावशीकडे गेले. आता ती शेडपासून लांब, एका चाळवजा इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. जिना चढताना मी ठरवत होते की सरळ विचारायचं, आणि ती नुकतीच कुठूनशी आली होती, फडकं खुंटीला अडकवत होती. मी जवळ गेले आणि मला तो वास आला. रोपवाटिकेत चुना असतो का, असा मूर्ख विचार माझ्या मनात आला.

"अजून जातेस?" मी विचारलं.

ती हसली. पकडलं गेल्यावर लहान मुलं हसतात तशी. "तुला कुणी सांगितलं?"

"वास येतोय."

"नाक तुझं पहिल्यापासून तिखट," ती म्हणाली आणि चहा टाकायला वळली. पाठमोरीच बोलायला लागली. "सोडलं होतं गं. खरंच सोडलं होतं. पण त्या नव्या पोरी दार धाडकन उघडतात. कानात गाणी घालून येतात. मी एकदा सहज गेले होते बघायला, माझ्यासमोर उघडलं एकीनं. काय सांगू तुला. सगळ्या शेडभर नुसती हाडं वाजली. मग काय करू, घरी बसून ऐकू? म्हटलं तुझी मुलगी सोडवतेच आहे त्यांना, तोवर निदान दार वाजवायला कुणी हवं."

ती मला तुझी मुलगी म्हणाली, म्हणजे स्वतःशीच बोलत होती. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुला खाली बघायला लागलं असतं. तुझ्या माणसांत कुणी म्हणालं असतं, हिची मावशी तिथंच राबते." कप पुढे करत ती खाली बसली, गुडघ्यावर हात दाबून, टप्प्याटप्प्यानं. "एक टकल्या लागला होता मध्ये. चांगला होता बिचारा. एकदाच ओरडले, पुन्हा कधी चुकला नाही, मी नसले तरी वाजवायचा. एकाएकी यायचा बंद झाला. बरं नसेल का गं त्याला?"

मी चहा प्याले. तिला काय विचारायचं होतं? तुझा हात लाखो लोकांना दाखवू का? ती म्हणाली असती दाखव, तुझ्या कामाला येत असेल तर दाखव, आणि सोमवारी शेडच्या दारात तिला मालकानं अडवलं असतं, आणि तिनं बाहेर उभं राहून ती पत्र्याची दारं धाडधाड उघडताना ऐकली असती. मला तिच्या 'हो'ची भीती वाटत होती, 'नाही'ची नव्हे. निघताना तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला. तो हात आता लाकडासारखा झालाय, बोटं पुरती मिटत नाहीत.

मग मी कापायला बसले. बाहेर चांगलं टळटळीत ऊन होतं आणि खालच्या चष्म्याच्या दुकानात कुणीतरी मोठ्यानं अक्षरं वाचून दाखवत होतं. आधी दार वाजवणं काढलं. मग बायांनो काढलं. फडकं काढलं, चाल काढली, नखं सोडवणं काढलं, कारण त्यात अंगठा दिसत होता. च्‌ च्‌ काढलं. दर खेपेला मला वाटायचं, आता कुणी ओळखणार नाही, आणि पुन्हा चालवून पाहिलं की ती तिथं असायची. कुठंतरी असायचीच. हिचं काय करायचं ते मला कळेना. शेवटी लक्षात आलं की ती जिथं जिथं हळू होते तिथं तिथं ओळखू येते. मग मी ते सगळे हळू तुकडे उडवले. डोळ्यांवरचा हात उरला होता. मी तो शेवटचा पाहिला, आवाज बंद करून, तरी ऐकू आलाच. मला वाचवायचं होतं तिला, आणि ती ज्यानं ती होती तेवढंच मी वेचून वेचून फेकत होते. सोसवत नव्हतं पण हात चालत होता, माझाही हात तयार आहे. उरलं ते एवढंच: कुणीतरी पिंजऱ्यातून एक कोंबडी उचलतं आणि मान पिरगळतं. रंग काढून टाकला, करडं केलं. मागे दुसऱ्याच शेडचा कलकलाट भरला.

आत्ताबाईंनी पाहिलं. "हात काढलास?" म्हणाल्या. मी म्हणाले, लांबत होतं, लोक सोडून जातात. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, पण शुक्रवार उद्यावर आला होता. बटण उठून गेला आणि जाताना दार त्यानं असं अलगद लावलं की मला ते लागल्याचं कळलंही नाही.

फिल्म गाजली. इतकी गाजली की आमचं आम्हालाच आश्चर्य वाटलं. कंपनीच्या लोकांनी बैठकीत ती पूर्ण पाहिली नाही म्हणे, त्या पिरगळण्यापाशी एका बाईंनी थांबवा म्हणून हात वर केला, आणि पिंजऱ्यातली अंडी टप्प्याटप्प्यानं बंद करण्याचं कबूल झालं. ऑफिसात सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. मीही पडले. मी आनंदात होते, खोटं कशाला सांगू. ज्या पिंजऱ्यांमागे मी वाढले ते निघणार होते. आणि घरी येऊन मी फिल्मखाली लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचत बसायची. हलकट बाई. हिचे हात झडोत. हिला मुलंबाळं असतील का, असतील तर त्यांना कसं वाढवत असेल. मी एकूण एक वाचायची, एकही सोडायची नाही. काहींना उत्तर लिहायला घ्यायची आणि पुसून टाकायची. कसं वाढवलं ते मला माहीत होतं आणि ते सांगायची जागा मीच कापून टाकली होती.

पुढच्या रविवारी मावशीकडे गेले तेव्हा माझ्या हातात पेढा-मिठाई काही नव्हतं, नुसतीच गेले. दाराशी थांबले, आणि काय वाटलं कोण जाणे, दार उघडं असूनही नखानं दोनदा आणि तळव्यानं एकदा वाजवलं. ती आतून खुदकन हसली. "ये गं बाई, ये. इथं कुणी फडफडत नाही." खुषीत होती. शेजारणीचा मोबाइल तिच्या मांडीवर होता. "बातमी कळली मला. पिंजरे काढणार म्हणे. माझ्या डोळ्यांदेखत निघाले म्हणजे मिळवलं." तिनं माझ्या गालावरून बोटं फिरवली आणि ती आपल्या कपाळाशी नेऊन मोडायला गेली, पण ती मोडली नाहीत. मग एकाएकी तिचा चेहरा उतरला.

"ही पाहिली आत्ता. तुमची फिल्म," ती म्हणाली. मोबाइल तिनं डोळ्यांपासून हातभर लांब धरला, माझ्यासाठी पुन्हा लावला. मी पडद्याकडे पाहिलं नाही, तिच्याकडे पाहिलं. करडा उजेड तिच्या चेहऱ्यावर हलत होता. तो क्षण आला तेव्हा तिनं मान वळवली, आपली आपल्यालाच दुखली असावी तशी.

"कुठली गं ही शेड?"

"लांबची आहे," मी म्हणाले.

"आणि ही बाई? कसली दगडाच्या काळजाची. मारावं लागतं गं कधीकधी, मी नाही म्हणत नाही. मीही मारल्यात. पण असं?" तिचा आवाज चिरकला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिनं डाव्या हातानं पुसलं, अंगठ्याशी डाग असलेल्या. "निदान डोळे तरी झाकायचे होते बिचारीचे. तेवढ्याला काय लागतं? तुमच्या ओळखीची आहे का ती?"

"नाही."

"भेटली कधी तर सांग तिला. रागावून नको, समजावून सांग. म्हणावं आधी दार वाजवायचं, आणि मग डोळे झाकायचे."

मी बरं म्हणाले.